चिलर उभा करून देणाऱ्या मेकॅनिक काकांचे आभार

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

आमच्या घरातील प्रवाळांच्या टाकीसाठी तुम्ही जो चिलर, म्हणजे टाकीचे पाणी थंड ठेवणारे यंत्र, उभा करून दिलात, त्याच्या जोरावर डोंबिवलीतला मे महिना सुखरूप पार पडला. तुमचे आभार चारचौघांत मानावेत आणि तुमच्या कामामागचा विचार अशी टाकी बाळगणाऱ्या इतरांनाही कळावा, म्हणून हे जाहीर पत्र लिहीत आहे.

प्रवाळांना साधारण 24 ते 27 अंश सेल्सिअस तापमान मानवते. पाणी 30 अंशांच्या वर रेंगाळले, की त्यांच्या पेशींत राहून त्यांना अन्न पुरवणारे सूक्ष्म शैवाल निघून जाऊ लागते व प्रवाळ पांढरे पडतात. शिवाय गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळत असल्याने मासेही धापा टाकू लागतात. कोरड्या हवेच्या गावी पाण्यावर पंखा सोडला तरी बाष्पीभवनाने पुष्कळ काम भागते, पण आमच्याकडच्या दमट उन्हाळ्यात त्याची मात्रा चालत नाही.

लहान फ्रिजमध्ये नळीचे वेटोळे ठेवावे, असे अनेक जण सुचवतात. तुम्ही मात्र आधी हिशेब मांडलात: 250 लिटर पाणी एका अंशाने उतरवायचे, तर सुमारे 250 किलोकॅलरी उष्णता काढावी लागते, फ्रिजचा कॉम्प्रेसर त्यासाठी तोकडा, आणि प्लास्टिकची नळी व तिच्याभोवतीची हवा ही दोन्ही उष्णतेची वाट अडवणारी. म्हणून कार्यालयातून मोडीत निघालेला वॉटर कूलर तुम्ही निवडलात. त्याची गळती साबणाच्या फेसाने शोधून सांधा ब्रेझिंगने (वितळवलेल्या धातूने जोडून) बंद केलात, नायट्रोजनचा दाब देऊन तपासलात, व्हॅक्यूम करून म्हणजे आतली हवा पूर्ण उपसून मगच थंडाव्याचा गॅस भरलात. घाई असूनही यातली एकही पायरी तुम्ही गाळली नाहीत, याचे मला फार मोल वाटते.

तांब्याचा अंशही प्रवाळांना आणि कोळंबीला विषासमान असतो, आणि खारे पाणी स्टीललाही खाते. एवढे कळताच तुम्ही दोन पाण्यांची वेगळी व्यवस्था केलीत: कूलरच्या टाकीत गोडे पाणी, त्यात बुडवलेली टायटॅनियमची कॉइल, आणि खारे पाणी फक्त त्या कॉइलमधून फिरणारे. त्याहून सुंदर गोष्ट नियंत्रणाची. गोड्या पाण्याची थंडी कूलरचा स्वतःचा थर्मोस्टॅट सांभाळतो आणि टाकीचे तापमान पाहणारा आमचा कंट्रोलर केवळ खाऱ्या पाण्याचा छोटा पंप चालू-बंद करतो. त्यामुळे पंप कितीही वेळा थांबला-सुरू झाला, तरी कॉम्प्रेसरला हिसके बसत नाहीत. बाजारातल्या महागड्या यंत्रांइतकाच हा विचार मला पक्का वाटतो.

कूलर बाल्कनीत ठेवण्याचा तुमचा आग्रहही योग्य ठरला, कारण कंडेन्सरची (यंत्राची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीची) उष्णता खोलीतच सोडली असती तर ती फिरून टाकीतच आली असती. पहिल्यांदा यंत्र सुरू झाले तेव्हा तुम्ही एक हात कॉइलकडे जाणाऱ्या नळीवर आणि दुसरा परतीच्या नळीवर ठेवून बराच वेळ उभे होतात, आणि मग परतीच्या नळीला काळा फोम गुंडाळायला घेतलात. आता भर दुपारीही पाणी 26 अंशांच्या आसपास राहते आणि झोअँथस या प्रवाळांसारख्या जीवांची फुलांसारखी तोंडे पूर्ण उमललेली असतात.

कंडेन्सरची जाळी तुम्ही सांगितल्याप्रमाणे ब्रशने नियमित साफ करतो. एकदा काकूंना घेऊन टाकी पाहायला अवश्य यावे.

कळावे, लोभ असावा.

आपला कृतज्ञ,
एक मत्स्यपालक