सभेची वेळ बायकांना विचारून ठरवा

महोदय,

जागतिक आदिवासी दिनानिमित्त आपल्या अंकात आलेला आदिवासी महिला नेतृत्वावरील लेख वाचला. गावठी बियाणे जपणाऱ्या राहीबाई पोपेरे यांचा गौरव उचितच. पण पद्मश्री मिळाल्यावरच नेतृत्व दिसते, ही आपली जुनी खोड लेखातही आहे. गावातल्या सभेतही बायकांचे नेतृत्व असते. जंगलात राहणाऱ्यांचे हक्क मान्य करणाऱ्या वनहक्क कायद्याच्या नियमांत २०१२ साली दुरुस्ती झाली. त्यानुसार ग्रामसभेला किमान निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांत एकतृतीयांश महिला हव्यात. म्हणजे बायका आल्या नाहीत, तर सभेचा कोरमच होत नाही. एवढा मोठा अधिकार! प्रत्यक्षात अनेकदा सभा ठेवतात ती ऐन तेंदूपत्त्याच्या हंगामात, सकाळी अकराला. पहाटे जंगलात गेलेली बाई तेव्हा ओसरीवर पानांचे पुडे बांधत बसलेली असते. मग रजिस्टर घरोघर फिरते आणि कशावर ते न सांगता अंगठे घेतले जातात. सभेची नोटीस काढण्याआधी ग्रामसेवकांनी गावातल्या महिलांनाच सोयीची वेळ विचारावी. संध्याकाळी सभा घ्यायलाही हरकत नाही, फक्त चुलीची वेळ टाळून.

– एक वाचक, गडचिरोली