ताई, हे थँक्यू सगळ्यांसमोरच

ताई,

नुसता मेसेज केला असता तर तू एक अंगठा टाकून विषय संपवला असतास, म्हणून हे जाहीर लिहितोय.

मी टीममध्ये नवीन होतो तेव्हा रिलीजच्या तोंडावर सर्चचे रिझल्ट उलटसुलट यायला लागले होते, मागच्या रिलीजपासून हजारेक कमिट, म्हणजे कोडमध्ये नोंदवलेले बदल, झालेले आणि जो तो आपला अंदाज सांगतोय, कोणी म्हणतं कॅश (तात्पुरता साठवलेला डेटा), कोणी म्हणतं क्वेरी. तू खुर्ची ओढून शेजारी बसलीस आणि म्हणालीस, अंदाज राहू दे, गिटलाच विचारू, म्हणजे कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या टूललाच. बिघाड कुठल्या कमिटने झाला ते शोधणारी त्याची कमांड, गिट बायसेक्ट स्टार्ट, आत्ताचं बॅड, मागचं रिलीज गुड. तो मधल्या कमिटवर नेऊन ठेवतो, तिथे तपासलं की अर्धे कमिट बाद, मग उरलेल्यांचा परत मध्य, म्हणजे हजार कमिट असले तरी साधारण १० वेळा तपासलं की काम झालं. मग तू छोटी स्क्रिप्ट लिहून बायसेक्ट रनला दिलीस, म्हणजे तपासणी आपोआप होते, स्क्रिप्टने फक्त एक आकडा परत द्यायचा, रिझल्ट बरोबर असेल तर ०, चुकला तर १ आणि बिल्डच होत नसेल तर १२५, म्हणजे हा कमिट सोडून पुढे जा. ते १२५ मला अजून भारी वाटतं, लिहिणाऱ्याला नक्की माहीत होतं की खऱ्या प्रोजेक्टमध्ये मधले काही कमिट मोडकेच असतात. शेवटी एका ओळीचा बदल सापडला, तारखा टेक्स्ट म्हणून सॉर्ट होत होत्या. आणि कमिट कोणाचा होता ते नाव तू मोठ्याने वाचलं नाहीस, हे माझ्या लक्षात आलं होतं ताई.

विम, म्हणजे सगळं कीबोर्डवरून चालवायचा टेक्स्ट एडिटर, तो पण तुझ्यामुळेच. त्यात कर्सर हलवायच्या एच जे के एल या कीज बोटांत बसेना तर तू पाठ करायला सांगितलं नाहीस, सरळ नेटहॅक लावून दिलास! १९८७ चा गेम, स्क्रीनवर नुसती अक्षरं, पण चालायचं त्याच चार कीजनी, तिरकं जायला वाय यू बी एन. त्या कीज का, तर बिल जॉयने विमचा पूर्वज व्हीआय ज्यावर लिहिला त्या एडीएम-३ए टर्मिनलच्या कीबोर्डवर बाण तिथेच छापलेले होते, हे पण तूच सांगितलंस. गेममध्ये मेलं की सगळं पहिल्यापासून, आणि मी घाईघाईत मरायचो, तर तू म्हणायचीस, अरे तू की दाबेपर्यंत तिथलं काहीच हलत नाही, आधी बॅगेत काय आहे ते बघ. आता प्रॉडक्शन, म्हणजे लोक वापरतात ती सिस्टीम, बंद पडलं की मी आधी लॉग वाचतो आणि मगच रिस्टार्टला हात लावतो, ही सवय तिथूनच लागली.

पासवर्ड मॅनेजर, टू-फॅक्टरचे रिकव्हरी कोड कागदावर, हे सगळं तू मागे लागून करून घेतलंस. पण सगळ्यात मोठं काम बॅकअपचं. बॅकअप घेतलाय म्हटलं की तुझा एकच प्रश्न, रिस्टोर करून बघितलास का? मध्यंतरी माझी डिस्क गेली, पार गेली, आणि संध्याकाळपर्यंत घरचे सगळे फोटो परत होते, आजोबांच्या आवाजाचं रेकॉर्डिंगसुद्धा. आईने तुला खास थँक्यू सांगितलंय, आणि माझ्याकडून तर आहेच.