एका कॉर्डवरून दुसरीवर जायला शिकवलंत, त्याबद्दल

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार. पियानोच्या वर्गात नवशिक्यांना आम्ही कॉर्ड्स (एकदम वाजवायचे तीन-चार सूर) शिकवतो त्या तुमच्याच पद्धतीने. ती पद्धत का चालते हे शिकवताना रोज कळतं, म्हणून हे आभार सगळ्यांसमोर आणि तपशिलासह मानतो आहोत. मोघम ‘धन्यवाद’ तुम्हाला पटलाही नसता.

कॉर्ड्सचा तक्ता पाठ करायला न देता तुम्ही आधी पट्ट्या मोजायला लावल्यात. कुठल्याही पट्टीवरून निघायचं, काळ्यापांढऱ्या सगळ्या धरून पुढची चौथी पट्टी घ्यायची आणि तिथून पुढची तिसरी. झाली मेजर कॉर्ड. सीवरून निघालं की ई, मग जी (पांढऱ्या पट्ट्यांची नावं ओळीने सी, डी, ई, एफ, जी, ए, बी). आधी तीन आणि मग चार मोजलं की मायनर. टोकाचे दोन्ही सूर तेच राहतात, फक्त मधला गंधार कोमल होतो. इथे हमखास होणारी चूक म्हणजे निघतो त्या पट्टीलाच ‘एक’ म्हणणं. मग ईऐवजी ई फ्लॅट, म्हणजे ईच्या लगेच डावीकडची पट्टी, लागतो आणि पुढची मोजणीही कोलमडते. पहिल्या पट्टीला ‘शून्य’ म्हणायचं, हा तुमचा उपाय लहानांना आणि मोठ्यांना सारखाच लागू पडतो.

मोजून झालं की हाताला आकार कळावा लागतो. बारा मेजर कॉर्ड्सचे तुम्ही केलेले गट त्यासाठी फार उपयोगी आहेत. सी, एफ, जी पूर्ण पांढऱ्या. डी, ए, ई यांत मधली पट्टी काळी. डी फ्लॅट, ए फ्लॅट, ई फ्लॅट यांत उलट, मधली पांढरी आणि बाजूच्या काळ्या. उरतात तीन: एफ शार्प (एफच्या लगेच उजवीकडची पट्टी) सगळी काळी, बीमध्ये फक्त पहिली पांढरी, बी फ्लॅटमध्ये फक्त पहिली काळी. काळ्या पट्टीच्या कॉर्डला बोटं अडखळतात कारण हात पट्ट्यांच्या अगदी कडेला असतो. तो थोडा आत सरकवला की मनगट न वाकवता तिन्ही सूर एकदम लागतात.

पण आमचं खरं ऋण पुढच्या गोष्टीचं आहे. सुटी कॉर्ड कोणीही दोन दिवसांत वाजवतो. अडतं ते एकीवरून दुसरीवर जाताना. सी, जी, ए मायनर, एफ ही सरळ चाल, म्हणजे कॉर्ड्सचा क्रम, घ्या. प्रत्येक कॉर्ड मूळ रूपात, म्हणजे नावाचा सूर सर्वांत खाली ठेवून, वाजवली तर हात सीवरून जीवर चार पांढऱ्या पट्ट्या उडी मारतो, मान खाली जाते, ठेका तुटतो, आणि ऐकायलाही चार तुकडे वेगवेगळे वाटतात. तुम्ही तीच चाल उजव्या हातात अशी बसवलीत: सी-ई-जी, मग बी-डी-जी, मग सी-ई-ए, मग सी-एफ-ए आणि परत सी-ई-जी. अंगठा फक्त सी आणि बी या शेजारच्या पट्ट्यांवर फिरतो, करंगळी जी आणि ए यांवर, मधला सूर डी, ई, एफमध्ये. सात पांढऱ्या पट्ट्यांत सगळं काम होतं. बोटांचे क्रमांक (अंगठा १, करंगळी ५) पहिल्या आणि चौथ्या कॉर्डला १-३-५, मधल्या दोन्हींना १-२-५. तर्जनी आणि मधलं बोट यांची ही अदलाबदल सुरुवातीलाच पक्की केली नाही तर वेग वाढवताना हात आखडतो, हे आम्ही कितीतरी विद्यार्थ्यांच्या हातात पाहिलं आहे.

सूर खालीवर झाले तरी कॉर्ड तीच राहते, हा विचार जाँ-फिलिप रामो या फ्रेंच संगीतकाराने १७२२ मध्ये पद्धतशीर मांडला. नवशिक्याला मात्र तो बोटांनीच पटतो. त्याआधी दोन कॉर्ड्समधले समान सूर शोधायला लावायचे, ही तुमची सवय आम्ही सोडलेली नाही. सी आणि ए मायनरमध्ये दोन सूर समान, सी आणि एफमध्ये एक. समान सुरावरचं बोट हलवायचंच नाही. एफ आणि जीमध्ये एकही समान सूर नाही, म्हणून तिथे सगळे अडतात. डावा हात एफवरून जीवर चढतो तेव्हा उजवा सी-एफ-एवरून बी-डी-जीवर उतरवायचा. दोन्ही हात एकाच दिशेने गेले की चाल बोजड लागते.

जी सेव्हनमध्ये (जी-बी-डी-एफ) चारही सूर कोंबू नका, असं सांगून तुम्ही पुष्कळ करंगळ्या वाचवल्यात. उजव्या हातात बी-एफ-जी पुरे, डाव्यात जी. त्यातला बी वर सीकडे ओढतो, एफ खाली ईकडे, आणि ती ओढ ऐकू आली की सीवर परतणं शिकवावं लागत नाही.

डाव्या हाताची तुमची शिस्त कडक होती आणि ती तशीच हवी. खर्जात तीन सूर जवळजवळ वाजवले की त्यांचे उपसूर एकमेकांत मिसळून नुसती घरघर होते. तिथे मूळ सूर एकटा, किंवा सोबत पाचवा सूर, किंवा त्याचंच वरचं सप्तक. पेडलचंही तसंच. पेडल दाबलेलं असताना तारांचा आवाज थांबवणारे डॅम्पर तारांवरून उचललेले असतात, त्यामुळे मागची कॉर्ड नव्या कॉर्डमध्ये सांडते. नवी कॉर्ड वाजते त्याच क्षणी पाय वर आणि बोटं पट्ट्यांवर धरलेली असतानाच पाय परत खाली. हात आणि पाय एकदम उचलले की मध्ये पोकळी राहते.

रियाजात मेट्रोनोम (ठेक्याचे ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० वर, एका कॉर्डला चार मात्रा. तीन मात्रा कॉर्ड धरायची, चौथ्या मात्रेवर हात सोडून पुढच्या पट्ट्यांवर आवाज न करता ठेवायचा. हे जमल्यावरच एका कॉर्डला दोन मात्रा. पूर्ण चाल पुन्हा पुन्हा घोटण्यापेक्षा अडणाऱ्या दोनच कॉर्ड्समध्ये मागेपुढे करणं जास्त फळतं. एखादा सूर चुकला तरी थांबायचं नाही, हेही तुमचंच. थांबायची सवय एकदा लागली की ती सुटायला फार वेळ घेते.

आणि आकडे! मेजर स्केलच्या सात सुरांना ओळीने आकडे दिले तर त्यांवरच्या कॉर्ड्सपैकी १, ४, ५ मेजर, २, ३, ६ मायनर, ७ डिमिनिश्ड (तीन आणि परत तीन मोजून होणारी). वरची चाल १-५-६-४ म्हणून लक्षात ठेवली की जीमध्ये ती जी, डी, ई मायनर, सी होते आणि एफमध्ये एफ, सी, डी मायनर, बी फ्लॅट. गाणाऱ्याचा आवाज वर चढत नसेल तर साथ करणारा लगेच स्केल बदलू शकतो.

एक परवानगी हवी आहे. तुमचा बारा कॉर्ड्सचा कागद वर्गात लावला आहे, पण त्यात डाव्या हाताची बोटं नाहीत. मूळ रूप आणि पहिलं इन्व्हर्जन (कॉर्डचा मधला सूर सर्वांत खाली) ५-३-१, दुसरं इन्व्हर्जन (वरचा सूर सर्वांत खाली) ५-२-१ असं आम्ही खाली पेन्सिलने लिहिलं आहे. तुम्हाला मान्य असेल तर शाईने लिहितो.

तुमचे कृतज्ञ,
तुमच्याकडे शिकलेले आणि आता शिकवणारे विद्यार्थी