सेन्सर बसवला, पण सेटिंग कोण करणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमुक विद्यापीठात दिवे आता आपोआप बंद होणार, वीज वाचणार, अशा बातम्या पेपरात अधूनमधून येतात, वाचून बरंही वाटतं. पण मी एका विद्यापीठाच्या कॅम्पसवर इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे, बरीच वर्षं झाली, आणि बातमी शिळी झाल्यावर पुढं काय होतं ते आम्हा वायरमन लोकांनाच बघावं लागतं, म्हणून लिहितोय.

मागे आमच्या एका इमारतीत सगळ्या वर्गांत सेन्सर बसवले. कंत्राटदार आला, सुट्टीत काम उरकलं, बिल काढून गेला. मग परीक्षा लागली. पेपर सुरू होऊन थोडाच वेळ झाला असेल, वर्गातले सगळे दिवे फटकन गेले. पोरं खाली मान घालून लिहितायत, हलतंय ते फक्त पेन, सेन्सरच्या हिशेबी वर्ग रिकामा! एका पोरानं हात वर करून हलवला तर दिवे आले, आणि मॅडम मात्र पुरवणी घेऊन त्याच्याकडं गेल्या. असं तीनदा झालं. दुसऱ्या दिवशी मला निरोप आला की सेन्सर बायपास करा, म्हणजे त्याला वगळून दिवे थेट बटणावर घ्या. मी केला. तेव्हापासून त्या वर्गातले दिवे कुणाला आठवण झाली तरच बंद होतात, नाहीतर रात्रभर चालू.

आता यात सेन्सरचा काय दोष? छतावरचा तो पांढरा घुमट माणूस ओळखत नाही, अंगाची उष्णता इकडून तिकडं हलली की त्याला कळतं, बास. चालणारा माणूस त्याला लांबूनही दिसतो, पण बसून लिहिणाऱ्याचा हात जवळ असला तरच दिसतो. आमच्याकडं मोठ्या वर्गाला एकच सेन्सर, तोही दाराजवळ, कारण वायर तिथं सोयीची होती. आणि हालचाल थांबल्यावर किती वेळानं दिवा घालवायचा तो नॉब ५ मिनिटांवर, त्याला कुणी हातच लावला नव्हता. तो १५-२० वर नेला असता आणि मागच्या बाजूला अजून एक सेन्सर टाकला असता तर विषय तिथंच संपला असता. टॉयलेटचीही तीच गत, हा सेन्सर पार्टिशनच्या आरपार बघत नाही, त्यामुळं आत बसलेल्याचं काय होतं ते मी सांगायला नको.

दुसरं म्हणजे दिवे आपोआप बंद व्हावेत हे ठीक, पण वर्गात ते आपोआप लागायची काय गरज आहे? भर दुपारी खिडकीतून लख्ख उजेड आहे, कुणीतरी विसरलेली वही घ्यायला आत डोकावतं आणि वीसच्या वीस ट्यूब पेटतात. वर्गात लावायचं काम बटणावर ठेवा, विझवायचं सेन्सरवर. जिन्यात, पॅसेजमध्ये आपोआप लागू दे, तिथं अंधारात बटण शोधणारा माणूस पडेल. आणि लॅबमध्ये जिथं मशीन फिरतंय तिथं सेन्सरनं दिवा घालवायचाच नाही, ते धोक्याचं आहे.

हिशोब सांगतो. २० वॅटच्या २० एलईडी ट्यूब म्हणजे ४०० वॅट, संध्याकाळी ६ ते सकाळी ८ उगाच जळल्या तर एका वर्गाचे ५.६ युनिट. जुन्या ४० वॅटच्या ट्यूब चोकसकट ५०च्या आसपास जायच्या, तेव्हा हेच १४ युनिट व्हायचे. म्हणजे जिथं अजून जुन्या ट्यूब आहेत तिथं आधी ट्यूब बदला, तसंही त्या सारख्या चालू-बंद केल्या की लवकर जातात, एलईडीला त्याचं काही वाटत नाही. आणि सेन्सर आधी तिथं लावा जिथं दिवे जळतात पण माणूस नसतो: पॅसेज, स्टोअर, लायब्ररीतल्या मागच्या रॅका.

उन्हाचा उजेड वापरायचा तर आधी वायरिंग बघा. आमच्या जुन्या वर्गांत एका बटणावर फळ्याला समांतर अशी आख्खी रांग आहे, म्हणजे खिडकीजवळची ट्यूब एकटी बंदच करता येत नाही, मग उजेड मोजणारा सेन्सर लावून तो करणार काय?

रस्त्यावरच्या दिव्यांचं तर विचारूच नका. टायमरला बॅटरी नाही, दोन तास लाइट गेली की त्याचं घड्याळ दोन तास मागं पडतं, मग सकाळी ऊन वर आलं तरी दिवे चालू आणि लोक आम्हाला शिव्या घालतात. तारखेप्रमाणं सूर्यास्ताची वेळ स्वतः काढणारे टायमर मिळतात, तेही बॅटरीवाले, पण ते मागवायचं कुणाच्या डोक्यात आलं तर ना.

माझं म्हणणं एवढंच की टेंडरमध्ये एक ओळ वाढवा, कंत्राटदारानं महिन्याभरानं परत यायचं, भरलेल्या वर्गात आणि परीक्षा चालू असताना सेटिंग करून द्यायचं आणि नॉब कसा फिरवायचा ते आम्हाला शिकवायचं. तोवर त्या परीक्षेच्या वर्गाचा बायपास काढायला मी आजही तयार आहे, अर्ध्या तासाचं काम आहे, फक्त वेळ २० मिनिटांवर ठेवा असं कुणीतरी मला लेखी द्या.

आपला,
कॅम्पसवरचा एक वायरमन