मृत्युपत्रातून शाळेला जमीन देताना

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

अमळनेरला गिरणीमालक प्रताप शेठजींनी 1916 साली तत्त्वज्ञान मंदिर उभारले, ते हयातीतच. सामान्य शेतकऱ्याला ते जमत नाही. त्याला आधी म्हातारपणाची तजवीज पाहावी लागते. म्हणून गावच्या शाळेला, वाचनालयाला काही जावे ही इच्छा मृत्युपत्रात लिहिली जाते, आणि नेमकी तिथे फसते.

'एक एकर जमीन गावच्या शाळेस' असे वाक्य सर्रास दिसते. शाळेच्या नावावर जमीन चढत नाही. ती चालवणारे मंडळ, न्यास किंवा जिल्हा परिषद यांचे पूर्ण नाव लागते, न्यास असेल तर धर्मादाय कार्यालयातला नोंदणी क्रमांकही. त्याहून मोठी अडचण म्हणजे संस्था सहसा शेतकरी नसते. कूळ कायद्याच्या कलम 63 मुळे तिला शेतजमीन घ्यायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. नंदुरबारकडे आदिवासी खातेदाराची जमीन असेल, किंवा सातबाऱ्यावर 'वर्ग 2' (म्हणजे सरकारी परवानगीशिवाय हस्तांतर न करता येणारी जमीन) असेल, तर बंधने आणखी कडक. फेरफार अडतो, वारस हरकत घेतात आणि शिवार पडीक राहते.

त्यापेक्षा असे लिहावे: 'गट क्रमांक अमुक माझ्या व्यवस्थापकाने शेतकऱ्यास विकावा व आलेल्या रकमेतून पाच लाख रुपये अमुक न्यासास द्यावेत.' व्यवस्थापक म्हणजे एक्झिक्युटर, मृत्युपत्राप्रमाणे अंमलबजावणी करणारा. त्याचे नाव हवेच. जमीन वडिलोपार्जित असेल तर फक्त स्वतःच्या हिश्श्याबद्दल लिहावे.

पाच लाखांवर साडेसहा टक्क्यांनी वर्षाला 32,500 रुपये व्याज येते. मुद्दल कायम ठेवून व्याजच वापरावे, त्यातलाही काही भाग दरवर्षी मुद्दलात टाकावा, नाहीतर महागाई ते खाऊन टाकते. ठेव पतसंस्थेत नको, शेड्यूल्ड (रिझर्व्ह बँकेच्या यादीतल्या) बँकेत ठेवण्याची अट घालावी. पतसंस्थांत ठेवी अडकलेल्या खानदेशात हे जास्त सांगायला नको. हेतू फार अरुंद नको: 'सातवीत पहिल्या येणाऱ्या मुलीस' लिहिले आणि उद्या सातवीचा वर्गच बंद झाला तर? 'ते शक्य नसल्यास गावातील मुलींच्या शिक्षणासाठी' एवढी ओळ जोडावी.

स्टॅम्प पेपर लागत नाही, साधा कागद चालतो. नोंदणी ऐच्छिक आहे, पण करावीच. दोन साक्षीदारांनी समक्ष सह्या कराव्यात. त्यांना मृत्युपत्रातून काही मिळणारे नसावे आणि ते आपल्यापेक्षा तरुण असावेत, कारण वाद झाला तर एकाला तरी कोर्टात उभे राहावे लागते. वय झाले असेल तर त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडावा.

मृत्युपत्राची एक प्रत संस्थेकडे द्यावी. आपल्या नावे काही ठेवले आहे हे तिला ठाऊकच नसेल, तर ती मागायला येणार नाही.

— एक दस्तलेखक, चोपडा, जि. जळगाव