हे काम फोनने करावे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘घराबाहेर पडताना वायफाय, ब्लूटूथ बंद करा’ असा सल्ला वृत्तपत्रांतून अधूनमधून वाचायला मिळतो. सल्ला बरोबरच आहे. मात्र साताऱ्यात राजवाड्याजवळ माझे मोबाईल दुरुस्तीचे दुकान आहे आणि गिऱ्हाइकांचे अनुभव ऐकून सांगतो, की रोज आठवणीने हे करणे माणसांना जमत नाही. जमावे अशी अपेक्षाही ठेवू नये. हे काम फोनचे आहे.

मेढ्याकडचे एक दूध उत्पादक काका माझ्याकडे येतात. वायफाय घरात, गोठा मागच्या अंगाला. पुण्यातल्या मुलीशी व्हिडिओ कॉल सुरू असताना ते गोठ्यात गेले की कॉल अडकतो. मोबाईल डेटाला चांगली रेंज असूनही फोन वायफायची शेवटची काडी धरून बसतो. एक अंगणवाडी सेविका पॅक पुरवायचा म्हणून घरी डेटा बंद ठेवतात. सकाळी तो चालू करायचा राहिला की वरिष्ठांचा निरोप दुपारी हाती पडतो. बामणोलीकडच्या लोकांची तक्रार बॅटरीची. कोयनेच्या जलाशयाकाठी डोंगराआड टॉवर सापडत नाही, फोन रात्रभर तो शोधत राहतो आणि सकाळी बॅटरी तळाला गेलेली असते. नुसते वायफाय चालू ठेवल्याने इतकी बॅटरी जात नाही. असे कोणी बॅटरी बदलायला आले, की मी आधी रात्री फ्लाइट मोड लावून बघायला सांगतो.

तिघांनाही हवे ते एकच: फोनला एकदा नियम सांगून ठेवायचा. रात्री अकराला फ्लाइट मोड, सकाळी नऊला डेटा चालू, ठरावीक जागा सोडली की वायफाय बंद. टास्कर, मॅक्रोड्रॉइड ही ॲप अशाच कामांसाठी आहेत. पण अँड्रॉइडने २०१२ मध्ये ४.२ आवृत्तीत फ्लाइट मोड, २०१४ मध्ये ५.० त डेटा, २०१९ मध्ये १० व्या आवृत्तीत वायफाय आणि २०२२ मध्ये १३ व्या आवृत्तीत ब्लूटूथ, अशी एकेक कळ बाहेरच्या ॲपकडून काढून घेतली. आता नव्या नियमांप्रमाणे बनवलेले ॲप फार तर वायफायची खिडकी समोर आणून ठेवते, बटण माणसानेच दाबायचे. फोन रूट करून, म्हणजे कंपनीने घातलेली बंधने काढून फोनचा पूर्ण ताबा घेऊन, यातून वाट निघते, पण त्यात सुरक्षितता आणि वॉरंटी दोन्ही धोक्यात येतात. काकांना मी ते कधीच सुचवणार नाही.

मालकाच्या नकळत एखादे ॲप डेटा चालू करील, ही भीती खरी आहे. पण कॅमेरा, माइक, लोकेशन यांनाही धोका आहेच, आणि तिथे मालकाला विचारून परवानगी घेतली जाते. कॅमेरा ॲपच्या हाती द्यायचा की नाही हे जो माणूस ठरवू शकतो, त्याला वायफायच्या कळीबद्दल साधे विचारलेही जाऊ नये, हे मला पटत नाही.

आयफोनच्या शॉर्टकट्समध्ये आणि सॅमसंगच्या मोड्स अँड रुटीन्समध्ये अशी सोय आहे. माझ्याकडे येणारे बहुतेक फोन मात्र दहा-बारा हजारांचे. त्यांत ती क्वचितच सापडते. काही फोन ठरलेल्या वेळी आपोआप बंद-चालू होतात, तेवढे मी बामणोलीकरांना लावून देतो. पण रात्री कोणाचे दुखणे वाढले आणि टॉवर मिळेल अशा टेकाडावर धावायची वेळ आली, तर पूर्ण बंद फोन सुरू होईपर्यंत थांबावे लागते. फ्लाइट मोड एका बोटाने निघतो.

म्हणून फोन कंपन्यांना माझी कळकळीची विनंती आहे. कोणती वेळ, कोणते ठिकाण आणि काय चालू-बंद करायचे, एवढे तीन प्रश्न विचारणारे एक पान स्वस्तातल्या फोनच्या सेटिंगमध्येही द्या, आणि ते मराठीत द्या.

आपला,
एक मोबाईल दुरुस्तीवाला, सातारा