भांगाच्या दिवशी पुलाऊ उबिन

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

गेल्या रविवारी सिंगापूरच्या पुलाऊ उबिन बेटावर जाऊन आले. फोनवर सांगायला घेतलं असतं तर बाबांनी "बरं, जेवलीस का?" म्हणून दोन मिनिटांत आटोपलं असतं, म्हणून हे पत्र.

चांगीच्या धक्क्यावरून लाकडी बोट सुटते. वेळापत्रक नाही. बारा माणसं जमली की निघते, थेट आपल्या वडापसारखी! माणशी चार डॉलर, रोख. घाई असेल त्याने बाराही जणांचे पैसे भरायचे. आम्ही नऊ होतो, कोणीच भरले नाहीत. सिंगापुरात माणसं स्वस्थ बसून वाट बघताना मी पहिल्यांदाच पाहिली. इंजिनाची धडधड आणि डिझेलचा वास अगदी दाभोळच्या फेरीचा. दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे.

आई, मागच्या वेळी आठ दिवस उंच इमारती बघून तू म्हणाली होतीस, "सगळं छान आहे गं, पण इथे माती कुठे दिसत नाही." ती इथे आहे. पत्र्याच्या छपराची घरं, विहिरी, परसात फणस आणि नारळ. शहराची वीज इथवर आलेलीच नाही, जनरेटर नाहीतर सौर पॅनेल. राहणारी माणसं आता अगदी थोडी उरलीत. रस्त्यावरून रानडुकरीण पिल्लं घेऊन चालली होती आणि लोक कौतुकाने फोटो काढत होते. आपल्याकडे भात वाचवायला रात्र रात्र डबे बडवतात, हे त्यांना सांगावंसं वाटलं. धनेशसुद्धा दिसले, चांगली जोडी. एकोणिसाव्या शतकात सिंगापुरातून नाहीसे झालेले हे पक्षी 1994 मध्ये याच बेटावर परत दिसले. ढोलीची जुनी झाडं कमी, म्हणून त्यांना घरट्यासाठी लाकडी पेट्या टांगून दिल्या आहेत.

बाबा, तुमच्यासाठी दगड. या बेटाचं नावच ग्रॅनाइटवरून पडलंय. सिंगापूर आणि जोहोर जोडणारा, 1924 साली पुरा झालेला बांध आठवतो ना, ज्यावरून आपण बसने मलेशियात गेलो होतो? त्याच्या भरावाला दगड इथून गेला. शेवटची खाण 1999 मध्ये बंद झाली. आता त्या खड्ड्यांत हिरवंगार पाणी आहे आणि काठावर बगळे. खात्यात जन्मभर खडी मोजलेला माणूस तिथे तासभर तरी उभा राहील, मला खात्री आहे.

आता माझी फजिती. बेटाच्या पूर्व टोकाला चेक जावा नावाचा किनारा आहे. ओहोटीला तिथे वाळू, चिखल, समुद्री गवत, तारामासे, खेकडे सगळं उघडं पडतं. 2001 मध्ये तो भराव घालून बुजवायचा ठरला होता, पण लोकांनी तिथे काय काय जगतं ते दाखवून दिलं आणि वर्ष संपता संपता सरकारने भराव पुढे ढकलला. मी एवढं सगळं वाचून गेले, फक्त तिथी बघितली नाही. अष्टमी होती! अष्टमीला भांग, म्हणजे भरती-ओहोटीत फरकच थोडा, पाणी मागे सरेना. लाकडी पुलावर दोन तास उभी राहून मी नुसतं पाणी बघितलं. कांदळवनातल्या चिखलात निवट्या तेवढ्या उड्या मारत होत्या. त्यांना बघून मला तुझं कालवण आठवलं, आई, शेजारच्या बाईला मात्र सांगितलं नाही.

खाडीकाठी वाढले आणि भांग-उधाण विसरले. बाबा, हसू नका.

तुम्ही दोघं थंडीत येताय तेव्हा इथेच जाऊ. धक्क्यापासून चेक जावा तीनेक किलोमीटर आहे, पण व्हॅन मिळते, सायकल नको की चालणं नको. अवघड आहे ते फक्त बोटीत उतरणं. पायऱ्या ओल्या असतात आणि बोट हलते. बाबा, तुमच्या गुडघ्याला ते जमेलच असं मी म्हणत नाही. बोटवाले हात देतात, तो तुम्ही धरायचा, "मी उतरतो, मी उतरतो" करायचं नाही. एवढं कबूल असेल तर कालनिर्णय काढा आणि जानेवारीतली अमावास्या-पौर्णिमा कुठल्या वारी येते ते कळवा, तेव्हा उधाण असतं आणि ओहोटीला पाणी लांब मागे सरतं. विमानाचं तिकीट त्यानंतर काढते.

तुमची,
मनू